मसल कार निवडताना: पत्रा आधी, इंजिन नंतर

अमेरिकेत १९६४ ते १९७३ या जेमतेम दशकभरात मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या आणि बेताच्या किमतीच्या गाड्यांत थोरल्या गाड्यांची व्ही-८, म्हणजे इंग्रजी ‘V’च्या आकारात आठ सिलिंडर मांडलेली, इंजिने बसवून विकण्याची एक लाट आली. त्या लाटेत जन्मलेल्या गाड्यांना मसल कार म्हणतात. सुरुवात साधारणपणे पाँटिअ‍ॅक जीटीओपासून धरली जाते. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असे जनरल मोटर्सचे धोरण होते. पाँटिअ‍ॅकचे मुख्य अभियंते जॉन डेलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन वेगळे मॉडेल म्हणून न आणता टेम्पेस्ट लेमान्स या गाडीवरचा एक ‘ऑप्शन’ म्हणून देऊ केले आणि नियमाला सरळ बगल दिली. पहिल्याच वर्षी असे ३२,४५० जीटीओ खपले, आणि एवढा खप पाहिल्यावर धोरणाची आठवण काढायला कोणी पुढे आले नाही. पुढे विम्याचे हप्ते भडकले, १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे धुरावर बंधने आली आणि १९७३च्या तेलसंकटाने उरलेली कसर भरून काढली.

या गाड्या आज पन्नाशी ओलांडलेल्या आहेत आणि त्यांना पुन्हा रस्त्यावर आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच, त्याच रंगाची, त्याच इंजिनाची आणि शक्य तर त्याच शिक्क्यांच्या नट-बोल्टांची करणे. दुसऱ्या मार्गाला रेस्टोमॉड म्हणतात. त्यात बाहेरचे रूप जुनेच ठेवतात, पण ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, गिअरबॉक्स, वायरिंग आणि बहुतेक वेळा इंजिनही आजच्या काळातले बसवतात. हा लेख दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातला मुख्य मुद्दा असा की रेस्टोमॉडसाठी गाडी निवडण्याचे निकष संग्राहकाच्या निकषांच्या जवळजवळ उलटे असतात. संग्राहक इंजिनाचा क्रमांक आधी पाहतो. रेस्टोमॉड करणाऱ्याने पत्रा, सांगाडा आणि सुट्या भागांची उपलब्धता पाहावी, कारण इंजिन तो तसेही काढूनच टाकणार असतो.

संग्राहकांच्या बाजारात ‘मॅचिंग नंबर्स’ या शब्दाला फार वजन आहे. इंजिनावर कोरलेला क्रमांक गाडीच्या व्हीआयएन, म्हणजे ओळखक्रमांकाशी जुळला, तर गाडीत तिचे जन्मजात इंजिन आहे असे मानतात आणि किंमत त्याप्रमाणे चढते. अशी गाडी घेऊन तिचे इंजिन काढायचे, फ्लोअर कापायचा आणि नवे गिअरबॉक्स बसवायचे म्हणजे ज्या गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजले तीच स्वतःच्या हाताने फेकून द्यायची. म्हणून रेस्टोमॉडसाठी सहा सिलिंडरची किंवा लहान व्ही-८ची साधी गाडी शोधणे शहाणपणाचे ठरते. तिचे मूळ इंजिन नाहीसे झालेले असेल तर उत्तमच, कारण किंमत पाडून मागायला तेवढेच एक कारण मिळते.

इथे व्हीआयएन वाचता येणे कामाला येते. आजचा सतरा अंकी-अक्षरी क्रमांक अमेरिकेत १९८१पासून सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत होती. फोर्डच्या साठच्या दशकातल्या मस्टँगमध्ये पाचवे अक्षर इंजिन कोणते ते सांगते, आणि क्रायस्लर गटाच्या डॉज व प्लिमथ गाड्यांतही १९६६पासून पाचवी खूण इंजिनाचीच असते. जनरल मोटर्सच्या गाड्यांत मात्र १९७१पर्यंत व्हीआयएनवरून नेमके इंजिन कळत नाही. शेव्हरोले शेव्हेलच्या बाबतीत १९६६ ते १९६८ या वर्षांत एसएस ३९६, म्हणजे ३९६ घनइंची इंजिनाची ‘सुपर स्पोर्ट’, ही स्वतंत्र मालिका होती, त्यामुळे तिचा क्रमांक १३८ने सुरू होतो. १९६९पासून एसएस हा नुसता ऑप्शन झाला आणि क्रमांकावरून खरी एसएस व शेव्हेलचीच साधी मालिबू यांतला फरक सांगता येईनासा झाला. पाँटिअ‍ॅकमध्ये १९६६ ते १९७१ या वर्षांतल्या खऱ्या जीटीओचा क्रमांक २४२ने सुरू होतो. त्याआधीच्या दोन वर्षांत ती लेमान्सच्याच क्रमांकमालिकेत होती. म्हणूनच बाजारात मालिबूवर एसएसची आणि लेमान्सवर जीटीओची पदके चिकटवलेल्या गाड्या भरपूर सापडतात. अशी नक्कल आपल्याला चालते, अट एवढीच की विकणाऱ्याने ती नक्कल आहे हे कबूल करावे आणि किंमतही नकलेचीच घ्यावी. खुद्द व्हीआयएनची पाटी मात्र नीट पाहावी. १९६८पासून ती समोरच्या काचेतून दिसेल अशी डॅशबोर्डावर बसवलेली असते. तिचे रिव्हेट नवे दिसत असतील किंवा ती मालकीच्या कागदांशी जुळत नसेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी तिथून निघावे. व्हीआयएनमध्ये जाणूनबुजून फेरफार करणे हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे, आणि असल्या गाडीचा त्रास शेवटी नव्या मालकाच्याच गळ्यात पडतो.

जुन्या इंजिनांच्या कीर्तीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण बरेच जण तिच्यावरच भाळतात. १९७१पर्यंत अमेरिकी कंपन्या अश्वशक्तीचे आकडे ‘ग्रॉस’ पद्धतीने देत. त्या पद्धतीत इंजिन स्टँडवर ठेवून मोजत. त्याला एअर फिल्टर नसे, गाडीचा खरा सायलेन्सर नसे, पंखा किंवा आल्टरनेटर फिरवण्याचा भार नसे. १९७२पासून ‘नेट’ पद्धत आली, म्हणजे इंजिन गाडीत जसे बसते तसे सर्व भार लावून मोजणे. दोन्हींतला फरक किती पडतो याचे चांगले उदाहरण शेव्हरोलेच्या एलएस५ या ४५४ घनइंची इंजिनाचे आहे. १९७१ साली त्याचे दोन्ही आकडे प्रसिद्ध झाले; ग्रॉसने ते ३६५ अश्वशक्तीचे होते आणि नेटने २८५चे. आजचे ६.२ लिटरचे एलएस३ इंजिन ४३० अश्वशक्तीचे आहे आणि हा आकडा नेट आहे. १९६९च्या माहितीपत्रकातला ३७५चा आकडा त्याच्या शेजारी ठेवून ‘फार काही फरक नाही’ असे म्हणणारा माणूस दोन वेगळ्या मापांनी मोजतो आहे.

आता पत्रा. जुना वाडा घेताना भिंतींचा रंग पाहून भाव ठरवू नये, पाया खणून पाहावा, तसेच इथेही आहे. चकचकीत नव्या रंगाची गाडी ही रंग उडालेल्या गाडीपेक्षा जास्त संशयास्पद समजावी, कारण रंगाखाली पुट्टी किती भरली आहे ते दिसत नाही. खिशात एक लहान लोहचुंबक आणि पातळ फडके ठेवावे. फडक्यात गुंडाळलेले चुंबक चाकांवरच्या कमानींवरून, दारांच्या खालच्या कडांवरून आणि मागच्या मडगार्डांच्या तळाकडून फिरवावे. जिथे ते पत्र्याला धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी किंवा फायबर आहे. व्हिनाइलचे टप असलेली गाडी असेल तर आणखी सावध राहावे. त्या आच्छादनाखाली पाणी धरून राहते आणि मागच्या काचेभोवतीची खाच आतून सडत जाते. तिथून ओघळलेले पाणी डिकीच्या तळाशी साचते आणि तोही खाते. शेव्हेल आणि कमॅरो या दोघींत ही जागा पाहिल्याशिवाय पुढे बोलू नये.

मस्टँगची दुखरी जागा वेगळी आहे. समोरच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे जाळी असते, तिच्यातून हवा आत येते. त्या जाळीखालच्या पोकळीत हवेच्या झरोक्याभोवती पत्र्याची उभी कड असते, जेणेकरून पावसाचे पाणी झरोक्यात न शिरता बाजूंनी बाहेर पडावे. पालापाचोळा साचून ती कड गंजली की पाणी सरळ आत, चालक आणि शेजाऱ्याच्या पायांवर पडते आणि फ्लोअर सडतो. याची परीक्षा सोपी आहे. जाळीवर तांब्याभर पाणी सावकाश ओतावे, दुसऱ्या माणसाने टॉर्च घेऊन डॅशबोर्डाखाली पाहावे. पाणी पुढच्या मडगार्डांच्या मागून जमिनीवर पडले तर ठीक, आतल्या गालिच्यावर थेंब पडू लागले तर दुरुस्तीचा खर्च मनात धरूनच बोलणी करावीत. ती दुरुस्ती म्हणजे वेल्डचे असंख्य ठिपके ड्रिलने सोडवून वरचा अख्खा पत्रा उचलण्याचे काम आहे. विकणारा पाणी ओतू देत नसेल तर उत्तर मिळालेच.

पत्र्याखालचा सांगाडा दोन प्रकारचा असतो आणि निवडीत याचा मोठा वाटा आहे. शेव्हेल, जीटीओ, ओल्ड्समोबिल ४४२ आणि ब्यूइक जीएस या भावंडांना वेगळी चॅसी असते आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली असते. बॉडी उचलून बाजूला ठेवता येते, चॅसी सुटी करून साफ करता येते, हवी तर नव्या सस्पेन्शनसह तयार मिळणारी चॅसीच खाली सरकवता येते. मस्टँग आणि क्रायस्लर गटाच्या चार्जर, चॅलेंजर, बॅराकुडा यांत वेगळी चॅसी नसते; तिथे पत्र्याची बॉडीच भार पेलते. त्यामुळे त्यांच्यात खालची दांडी किंवा टॉर्क बॉक्स, म्हणजे दांडीला बॉडीच्या बाजूंशी जोडणारी पत्र्याची पेटी, सडला असेल तर गाडीचा कणाच गेला असे समजावे. कमॅरो आणि शेव्हरोलेचीच १९६८पासूनची नोव्हा यांची रचना अधलीमधली आहे. पुढे बोल्टने जोडलेली अर्धी चॅसी, मागे बॉडीच सांगाडा. बॉडीच सांगाडा असलेल्या गाड्यांत दुप्पट ताकदीचे इंजिन बसवायचे तर पुढचा आणि मागचा भाग जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या खालून वेल्ड कराव्या लागतात, नाहीतर जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर बॉडी पिळवटते आणि काही वर्षांत दारे नीट लागेनाशी होतात.

सुट्या भागांच्या बाबतीत पहिल्या पिढीची मस्टँग, १९६७ ते १९६९ची कमॅरो आणि १९६४ ते १९७२ची शेव्हेल यांच्याशी कोणाचीच बरोबरी नाही. यांचा फ्लोअर, मडगार्ड, दारे, काचेभोवतीच्या चकचकीत पट्ट्या, अगदी आतल्या दिव्याची काचसुद्धा नवी बनून मिळते, आणि मस्टँग व कमॅरोच्या तर संपूर्ण बॉड्या नव्या पत्र्यात बनवल्या जातात. नोव्हाचे यांत्रिक भाग बरेचसे कमॅरोचेच आहेत आणि ती तुलनेने स्वस्तात मिळते; तिचे रूप साधे आहे खरे, पण माझ्या मते पहिल्याच वेळी हात घालणाऱ्याने ती आधी पाहावी. क्रायस्लर गटाच्या गाड्या दिसायला सर्वांत रुबाबदार, १९६८ ते १९७०च्या चार्जरसारखे रूप क्वचितच कोणाला मिळाले. पण मूळ गाडीच महाग, पत्रेही महाग आणि काही भागांसाठी थांबावे लागते. एएमसी, म्हणजे अमेरिकन मोटर्स, या कंपनीच्या जॅव्हलिन आणि एएमएक्स या वेगळ्या वाटेच्या सुरेख गाड्या आहेत, मात्र एखादी चकचकीत पट्टी हरवलेली असेल तर ती शोधण्यात महिने जातात. अशी गाडी घ्यायची असेल तर अपूर्ण कधीही घेऊ नये.

सहा सिलिंडरच्या मस्टँगबद्दल एक आक्षेप नेहमी ऐकू येतो की तिचे सगळेच हलके असते. ते खरे आहे. तिच्या चाकाला चार नट असतात, व्ही-८ला पाच. ब्रेक लहान, मागचा ॲक्सल नाजूक. मूळ रूप राखणाऱ्याला ही अडचण आहे. पण रेस्टोमॉडमध्ये पुढचे सस्पेन्शन, ब्रेक आणि मागचा ॲक्सल हे सगळे बदलायचेच असते. तेव्हा हलका भाग काढून फेकला काय आणि भारी भाग काढून फेकला काय, खर्च सारखाच येतो आणि गाडी मात्र बरीच स्वस्त पडते.

गाडी घरी आल्यावर बहुतेकांचे हात आधी इंजिनाकडे जातात. क्रम वेगळा हवा. या गाड्यांतल्या बहुसंख्य गाड्या चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन बाहेर पडल्या. डिस्क हा जास्तीचे पैसे मोजून घ्यायचा ऑप्शन होता. ड्रम तापला की प्रसरण पावून आतल्या लायनरपासून दूर जातो, पेडल खोल जाते आणि लागोपाठ दोन-तीनदा जोरात ब्रेक मारल्यावर गाडी थांबायचे नाव घेत नाही. डिस्क उघड्यावर असल्यामुळे लवकर थंड होते आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. १९६७पूर्वीच्या गाडीत तर मास्टर सिलिंडरही एकेरी असतो. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. तो दुहेरी करणे हे पहिल्या दिवसाचे काम समजावे. डिस्क मोठ्या घेतल्या तर मूळ १४ इंची चाकांत त्या मावत नाहीत, म्हणून चाकांचा आकार ब्रेकच्या आधी नव्हे, ब्रेकबरोबर ठरवावा. आणखी एक गोष्ट मागाहून लक्षात येते. तीव्र कॅमशाफ्टच्या, म्हणजे झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणाऱ्या दांड्याच्या, इंजिनात व्हॅक्यूम कमी तयार होतो आणि नेहमीचा ब्रेक बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो, त्यामुळे नवे ब्रेक बसवूनही पेडल दगडासारखे लागते. अशा वेळी पॉवर स्टिअरिंगच्या पंपाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर घ्यावा लागतो.

ब्रेकनंतर वायरिंग. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचा आल्टरनेटर साधारण ३५ ते ६० अँपिअरचा असे, आणि त्यावर दिवे, हीटर आणि रेडिओ एवढेच चालत. आता इलेक्ट्रिक पंखा, इंधनाचा पंप, इंजिनाचा संगणक आणि एसी त्याच तारांवर लादले तर तारा तापणारच. क्रायस्लर गटाच्या गाड्यांत चार्जिंगचा बहुतेक सगळा प्रवाह डॅशबोर्डावरच्या ॲमीटरमधून फिरून परत जातो आणि वाटेत इंजिनाच्या भिंतीतल्या एका प्लास्टिकच्या जोडणीतून दोनदा जातो; ती जोडणी वितळलेली सापडणे ही मुळीच नवलाची गोष्ट नाही. संपूर्ण नवे हार्नेस, म्हणजे तारांचा अख्खा जुडगा, आणि ॲमीटरऐवजी व्होल्टमीटर, याला पर्याय शोधू नये. त्याच सुमारास तीन टोकांचे सीटबेल्टही बसवून घ्यावेत. १९६८पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत नुसता कमरेचा पट्टा असतो आणि खांद्याच्या पट्ट्यासाठी मजबूत आधार वेल्ड करावा लागतो, म्हणून ते काम रंगाच्या आधी उरकावे.

गिअरबॉक्स बदलण्याचा फायदा आकड्यांनीच समजतो. जुन्या तीन गतींच्या ऑटोमॅटिकमध्ये आणि चार गतींच्या हातच्या गिअरमध्ये शेवटचा गिअर एकास एक असतो. मागे ३.७३चा डिफरन्शियल आणि २६ इंच उंचीचे टायर असतील, तर ताशी ११३ किलोमीटरला, म्हणजे महामार्गावरच्या नेहमीच्या ७० मैलांना, इंजिन मिनिटाला सुमारे ३,४०० फेरे घेते. तासभर त्या आवाजात बसून पाहावे. तेच ०.६८चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे एकास एकपेक्षाही वरचा गिअर, असलेल्या पाच गतींच्या गिअरबॉक्सने फेरे २,३००वर येतात. इंजिन जुनेच ठेवले तरी गाडी लांबच्या प्रवासाला लायक होते. मात्र नवे गिअरबॉक्स जाड असल्यामुळे फ्लोअरचा मधला उंचवटा कापावा लागण्याची शक्यता धरून चालावे.

इंजिन शेवटी. जनरल मोटर्सची एलएस ही व्ही-८ इंजिनांची मालिका १९९७च्या कॉर्व्हेटमधून आली. ॲल्युमिनियमचे एलएस१ हे जुन्या ओतीव लोखंडी बिग ब्लॉकपेक्षा, म्हणजे थोरल्या व्ही-८पेक्षा, शंभर किलोच्या आसपास हलके आहे, त्यामुळे गाडीचे नाक हलके होते आणि वळणे सुधारतात. मालवाहू पिकअपमधली ५.३ लिटरची लोखंडी ब्लॉकची भावंडे भंगारवाल्यांकडे सहज मिळतात. शेव्हेल, कमॅरो आणि नोव्हा यांच्यात ती बसवण्यासाठी माउंटिंग, ऑइल पॅन आणि सायलेन्सरच्या नळ्या तयार मिळतात. फोर्डवाल्याला फोर्डचेच इंजिन हवे असते आणि २०११च्या मस्टँगमधून आलेले ५ लिटरचे कोयोटे फार गोड इंजिन आहे. पण त्याला वर चार कॅमशाफ्ट असल्याने ते रुंद आहे, आणि जुन्या मस्टँगच्या इंजिनखणात दोन्ही बाजूंनी शॉक ॲब्सॉर्बरचे मनोरे आत आलेले असतात. ते कापून पुढचे संपूर्ण सस्पेन्शन बदलल्याशिवाय कोयोटे बसत नाही. क्रायस्लरच्या गाडीत त्याच कंपनीचे नवे हेमी व्ही-८ इंजिन बसवताना पुढच्या आडव्या दांडीची आणि स्टिअरिंगची जागा आडवी येते. इंजिनानंतर मागचा ॲक्सल विसरू नये. ताकद वाढली की साखळीतला पुढचा कच्चा भाग तुटतो, आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांत तो बहुधा दहा बोल्टांचा मागचा ॲक्सल असतो.

कायद्याची बाजू राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे. १९७६ची गाडी घेतली तर तपासणी लागू होते आणि इंजिन बदलल्यावर ती पार पाडणे जिकिरीचे होते. एका वर्षाच्या फरकाने गाडी स्वस्त मिळते तेव्हा त्याचे कारण बहुधा हेच असते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी कोणाच्या मनात तयार गाडी पुढेमागे पुण्यात किंवा कोल्हापुरात नेण्याचा विचार असेल, तर भारतातला नियम आधी समजून घ्यावा. २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली; ती पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी आहे, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी तिची अट आहे. रेस्टोमॉडचा सगळा खटाटोपच नेमका त्या बदलांसाठी असतो. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा आहे. ज्याला ही गाडी भारतात हवी आहे त्याने मूळ रूपाचाच मार्ग धरावा.

खर्चाबद्दल सरसकट आकडा सांगणे फसवे आहे, पण पैसा कुठे मुरतो ते सांगता येते. तो इंजिनात मुरत नाही. क्रेटमध्ये येणाऱ्या नव्या इंजिनाची किंमत आधी ठाऊक असते. पत्राकाम आणि रंग यांचे तसे नसते. रंग खरवडल्यावरच कळते की खाली किती शिल्लक आहे, आणि मजुरी तासावर चढत जाते. म्हणून चांगल्या पत्र्याची बंद पडलेली गाडी ही सडक्या पत्र्याच्या चालू गाडीपेक्षा केव्हाही परवडते. कोणीतरी अर्धवट सोडलेली, सुटी करून खोक्यांत भरलेली गाडी स्वस्त दिसते खरी. ती घेण्याआधी खोकी उघडून काचेच्या पट्ट्या, दारांच्या बिजागऱ्या आणि डॅशबोर्डाचे भाग एकेक मोजून घ्यावेत, कारण इंजिनाचे भाग बाजारात मिळतात, हे मिळायला कठीण जाते. विमा घेताना नेहमीच्या पॉलिसीत घसाऱ्याने भरपाई ठरते आणि पन्नास वर्षांच्या गाडीवर ती नगण्य येते. त्याऐवजी किंमत आधी ठरवून लिहून देणारी पॉलिसी घ्यावी. विमा कंपनी त्या किमतीला पुरावा मागते, तेव्हा पहिला बोल्ट सोडवल्यापासूनच प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे आणि प्रत्येक भागाची पावती एका फायलीत लावत जावे.